पोटरीभर पाण्यातला पूर

पवनार, ११ जून

तीर्थस्वरूप अण्णाजी,

तुमची धाकटी बहीण कुसुम हिने इथूनच वाकून केलेला नमस्कार तुम्हाला आणि वहिनींना पोचावा. (कंबर धरल्यामुळे तो अर्धाच वाकून केला आहे, पण पुरा मानून घ्यावा.) तुमची साखर आणि वहिनींचा गुडघा दोन्ही ताब्यात राहावेत म्हणून रोज देवाजवळ मागणं घालते. दोन्हींसाठी उदबत्ती एकच लावते, पण देव काही मोजत बसत नाही.

तुम्ही नागपूरहून पाठवलेल्या सामानाची पोच उशिरा देते आहे, कारण खर्च थांबल्याशिवाय हिशेब लिहिता येत नाही, आणि खर्च आत्ता कुठे थांबला. सामान पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं ते असं: रेडिओचा मोठा सेट एक (तुमचा जुना), हातात धरायचा छोटा सेट एक, बॅटरी एक, काळ्या वायरचं भेंडोळं एक, अॅल्युमिनियमचा लांब पाइप एक, कानाला लावायचे डबे एक जोडी. किंमत शून्य, कारण तुम्ही प्रेमानं दिलं. त्या शून्यावर झालेला खर्च: टेम्पो सातशे, उतरवणारे दोनशे, पाइप गच्चीवर पक्का करायला मिस्त्री आणि सिमेंट मिळून नऊशे, सेटपुढे फोडलेला नारळ तीस. टेबल घ्यावं लागलं नाही, कारण माझ्या शिलाई मशीनचं टेबल मला न विचारता देण्यात आलं. मशीन आता जमिनीवर आहे आणि मीही. फुकट मिळालेली वस्तू इतकी महाग मी आयुष्यात पहिल्यांदा घेतली.

सामानात तुमची चिठ्ठी होती, की कुसुम, वासुदेवरावांचं मन रमेल, पावसाळ्यापर्यंत ठेवून पाहा, तुला त्रास झाला तर एक ओळ लिही, मी स्वतः येऊन सेट घेऊन जाईन. मृग लागला. ती ओळ लिहायला बसले आहे. यांना हे ठाऊक आहे, कारण तुम्ही चिठ्ठी पाकिटात न घालता डब्यांच्या वर ठेवली होती आणि आधी यांनीच वाचली. मी लिहायला बसल्यापासून यांनी दोन वेळा चहा करून आणून ठेवला. आपल्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते यांना माहीत आहे, हे मला लग्नानंतर आज कळलं.

आता त्रासाचं म्हणाल तर सुरुवात पाइपापासून करते. पाडव्याला सगळ्या गावाची गुढी संध्याकाळी उतरली, आमचा पाइप काही उतरला नाही. शेजारच्या सुलोचनाबाई (आमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष, म्हणजे पेटीची किल्ली त्यांच्याकडे असते) आठवडाभर बघत राहिल्या आणि मग बोलल्याच, ‘अवो कुसुमबाई, गुढी उतरवा न आता. लोक काय म्हणतीन?’ मी म्हटलं, ती गुढी नव्हे, तो आमच्या घरचा नवा देव आहे. त्यांनी खरंच हात जोडले. मग हवेतला आवाज पकडायची ती वायर. ती आमच्या गच्चीवरून त्यांच्या निंबाला ताणली आहे, अशी सरळ आणि अशी लांब, की तिच्यावर गोधड्यांच्या खोळी वाळत न घालणं हा मला त्या वायरचा अपमान वाटला. खोळी घातल्या तर हे धापा टाकत गच्चीवर आले. म्हणे, मी केरळच्या माणसाशी बोलत होतो आणि तो एकदम बुडाला. मी विचारलं, पोहता येत नव्हतं का? तेव्हापासून गच्चीवर जाताना मला विचारून जावं लागतं. गच्ची माझ्या नावावर आहे हे मी फक्त नोंदवून ठेवते.

हे दिवसभर काय करतात, तर हाक मारतात. कोणाला? कोणालाही. परीक्षा पास होऊन सरकारचं लायसन घेतलेला शहाणासुरता माणूस सकाळी डबे लावून बसतो आणि कोणी आहे का, कोणी आहे का, असं हवेला विचारतो. बियाण्यांच्या दुकानात बसत होते तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी मान वर करत नव्हते. (दुकान आता प्रफुल बघतो हे तुम्हाला माहीतच आहे. त्यानं नवीन काचा बसवल्या, संगणक बसवला आणि बाबांना घरी बसवलं. हे पहिले काही महिने फोन करून भाव विचारायचे. मग तो फोन उचलेना. मग हे कॅलेंडरसमोर खुर्ची टाकून बसायला लागले, म्हणून तर तुम्हाला सेटची बुद्धी झाली.) आता हवेतून कोणी तरी ओ देतो, आणि मग दोघं एकमेकांना विचारतात, माझा आवाज कसा येतो? तुमचा आवाज कसा येतो? बाकी बोलणं काही नाही. निरोप घेताना त्र्याहत्तर म्हणतात, म्हणजे नमस्कार. नमस्कारालाही आकडा लावला. आपल्या आईनं ऐकलं असतं तर सुतकच पाळलं असतं.

एके दिवशी हे अंघोळीला गेले असताना सेटमधून सोलापूरचे कोणी बिचारे सारखी हाक मारत होते. दारी आलेल्याला ओ न देणं आपल्यात नाही. मी ते बोलायचं यंत्र उचललं, नुसतं ‘बसा, येतात’ म्हणणार, तर हे डोक्याला साबण तसाच घेऊन धावत आले आणि माझ्या हातातून यंत्र काढून घेतलं. लायसन नसलेल्यानं बोलायचं नाही, कायदा आहे. मी म्हटलं, या घरात इतकी वर्षं मी लायसन नसतानाच बोलत आले. तर म्हणतात, ते घरात. हवेत नाही.

आणि तुमच्या या सेटमुळे देवाच्या दारात आमची शोभा झाली ती वेगळीच. मंडळाचं भजन दुपारी लाउडस्पीकरवर असतं. आनंदाबाई डोळे मिटून अगदी रंगात आल्या होत्या, देवा तुझं दर्शन कधी घडेल असा भाव चालू होता, आणि लाउडस्पीकरमधून पुरुषी आवाज आला, ‘मी पवनारहून बोलतो आहे, माझा आवाज कसा येतोय?’ आनंदाबाईंच्या हातातले टाळ तिथेच थांबले. दोघी बायकांनी दंडवत घातला. मी आवाज ओळखला, पण त्या क्षणी तोंड उघडायची माझी काय बिशाद? घरी येऊन विचारलं तर म्हणतात, दोष मंडळाच्या वायरींचा आहे. वायरी जुन्या आहेत हे खरंच आहे, पण तीस वर्षांत त्या वायरींमधून कधी दुसऱ्याचा नवरा बोलला नव्हता.

इथपर्यंत मी सोसलं. आता मुख्य प्रकरण सांगते, म्हणजे ओळ का लिहिते ते कळेल.

जिल्ह्याच्या साहेबलोकांनी ठरवलं की पावसाळ्याआधी पुराचा सराव करायचा. फोनचे मनोरे पडले असं समजायचं आणि सगळा कारभार या हौशी रेडिओवाल्यांनी चालवायचा. जे चांगलं करतील त्यांचं नाव जिल्ह्याच्या आपत्तीच्या यादीत. खरा पूर आला की त्यांनाच बोलावणार. आमची गच्ची उंच, म्हणून नियंत्रणाची जागा आमच्या घरी ठरली. यांनी त्या यादीसाठी दाढी दिवसाआड करायची सोडून रोज सुरू केली. साहेबांनी सगळ्यांना छापील कागद दिले, कोणत्या वेळी कोणता निरोप द्यायचा ते लिहून, आणि बजावलं की कागद सोडून वागेल त्याचं नाव यादीतून जाईल. शिवाय सराव आहे हे घरच्यांना सांगायचं नाही, म्हणजे लोक खरेखुरे वागतात. यांनी माझ्यापासून आयुष्यात लपवलेली ही एकच गोष्ट, आणि ती सरकारी निघाली.

सरावाचा दिवस नेमका एकादशीचा. मी सकाळी यांच्यासाठी भगर ठेवायला खोलीत गेले तर सेटमधून आवाज येत होता, की धाम नदीला पूर आला आहे, काठावर चाळीस माणसं अडकली आहेत, अन्नाची तातडीनं सोय करावी. अण्णाजी, तुम्ही म्हणाल, जूनमध्ये आमच्या नदीला पोटरीभर पाणी असतं हे हिला माहीत नाही का? माहीत आहे. पण वरून धरणाचं पाणी सोडलं असेल असं वाटलं. सरकारी माणूस इतक्या गंभीरपणे सांगतो ते खरं मानलं, एवढाच माझा गुन्हा. मी यांना विचारलं, आम्ही स्वयंपाकाला लागू का? यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा हलवली. (डबे कानाला असताना हे कशालाही मान हलवतात हे मला नंतर आठवलं.)

मी थेट सुलोचनाबाईंकडे. देवळाच्या ओट्यावर मंडळ जमलं, चूल पेटली, आणि पहिलीच अडचण अशी की अडकलेल्यांमध्ये उपासाचे किती आणि बिनउपासाचे किती? एकादशीच्या दिवशी अडकलेल्या माणसाचा उपास आपल्या हातून मोडला तर पाप कोणाला? आनंदाबाई म्हणाल्या, ‘पुरात अडकला त्याले कायचा उपास?’ सुलोचनाबाई म्हणाल्या, ‘अन् मोडला त जबाबदार कोन, तू का?’ मी पुन्हा घरी गेले, यांना खूण करून म्हटलं, जरा हवेत विचारा न, उपासाचे किती. यांनी मला असं पाहिलं की जणू मी सरकार पाडायला निघाले. शेवटी दोन्ही केलं. बेसन-भाकर आणि मिरचीचा ठेचा चाळीस माणसांचा, साबुदाण्याची उसळ वीस माणसांची. (साबुदाणा मंडळाच्या खात्यातून, दाणे माझ्या घरचे. दाणे सध्या काय भावानं आहेत ते वहिनींना विचारा.) आम्ही सगळ्या स्वतः उपाशी, आणि गावातल्या बंडूजीच्या मालवाहू ऑटोत भांडी धरून बसलो.

नदीवर गेलो तर रस्त्यावर आडवा बांबू आणि एक हवालदार.

‘पुढे जाता येत नाही, मावशी. पुढे पूर आहे.’

सुलोचनाबाईंनी मान लांब करून पाहिलं. ‘कुठी हाय? म्हशी त बसून हायेत पाण्यात.’

‘पाणी कागदावर आहे. पलीकडे फक्त नावेनं जायचं.’

‘मंग नाव कुठी हाय?’

‘नाव अजून ट्रकवर आहे.’

पलीकडे बाभळीखाली खरोखर चाळीस माणसं बसली होती. कॉलेजची पोरं-पोरी. प्रत्येकाच्या छातीवर टाचणीनं चिठ्ठी: अडकलेला, पाय मोडलेला, बेशुद्ध, बुडालेला. एकाच्या छातीवर नुसतं ‘मृत’. सकाळपासून त्या उन्हात बसवून ठेवलेली, आणि पोटात काही नाही. का, तर छापील कागदात अन्नाची पाकिटं केव्हाच वाटून झाली होती! साहेबांच्या हिशेबात पोरांची ढेकर निघाली होती. भाकरीचा वास गेला तसा तो मृत उठून बसला आणि ओरडला, ‘काकू, इकडे!’ बुडालेल्यानं त्याला खाली दाबलं.

बांबूजवळ एक रेडिओवाली पोरगी होती, रंजिता. सेवाग्रामला दवाखान्यात नोकरी करते, तुमच्यासारखंच लायसन. मी तिला म्हटलं, तुझ्या त्या नियंत्रणाला सांग की जेवण आलं आहे, बांबू काढायला लावा. ती बिचारी मला ओळखत नव्हती. तिनं हातातल्या सेटवर निरोप दिला आणि पलीकडून आमच्या घरचा आवाज आला, अगदी कोरडा, की कागदात अन्नपथक नाही, पथक कोणाच्या परवानगीनं निघालं, ओव्हर.

आता हा यांच्या विद्येचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, मला नव्हता. निरोप सांगणाऱ्यानं जसा सांगितला तसा, एक शब्द इकडे-तिकडे न करता द्यायचा, आणि घेणाऱ्यानं तो लिहून घेऊन मोठ्यानं परत वाचायचा. रेडिओवाल्यांच्या सगळ्या ठाण्यांवर तो ऐकू जातो, साहेबांच्या कचेरीतही. मी आपलं घरच्यासारखं रंजिताला म्हटलं, ‘सांग त्यायले, सकाळी दोन डाव इचारलं, दोन्ही डाव मान हालवली, आता काऊन परवानगी इचारून राह्यले?’ पोरीनं ते अक्षर न अक्षर हवेत सोडलं, शेवटी ओव्हर लावून. मग यांचा आवाज: परत वाचतो. आणि यांनी ते सबंध वाचलं, ‘काऊन’सकट, आणि विचारलं, बरोबर आहे का, ओव्हर. मी म्हटलं, ‘बरोबर हाय. अन् हेही सांग का, घरी भगर झाकून ठेवली हाय, ते खाल्ली का नाई?’ तेही गेलं. तेही परत वाचलं गेलं. आर्वीच्या ठाण्यावर कोणी तरी हसलं ते सेटमधून स्पष्ट आलं.

तेवढ्यात कचेरीतून साहेबांचा आवाज मध्ये पडला, की नियंत्रण, कागदाप्रमाणे चाला, अन्न आधीच वाटून झालेलं आहे. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, झालं, जा मावशी परत. पलीकडे पोरं सगळी उभी राहिलेली, मोडलेल्या पायासकट. मला वाटलं, आता हे ‘जी साहेब’ म्हणणार. ती यादी यांना किती हवी होती ते मी रोज आरशासमोर पाहत होते. पण अण्णाजी, हे म्हणाले, ‘अन्नपथकाला सोडा. कागदात नाही. जबाबदारी नियंत्रणाची. ओव्हर.’

हवालदारानं बांबू उचलला. आम्ही पोटरीभर पाण्यातून भांडी डोक्यावर घेऊन पूर ओलांडला. सगळ्यात जास्त मृतानं खाल्लं. उपासाची एकच पोरगी निघाली, बेशुद्ध होती ती. उसळ उरली म्हणून आम्ही काठावर बसून उपास सोडल्यासारखा धरला. दुपारी साहेब स्वतः गाडीनं आले, चिडलेलेच आले, पण सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. पहिली भाकर उभ्यानं खाल्ली, दुसरी बसून. ठेचा तिसऱ्यांदा मागितला तेव्हा मी ओळखलं की यांचं नाव यादीतून जात नाही. नंतर सरावाच्या अहवालाचा कागद छापून आला त्यात असं आहे: आपत्तीकाळातील अन्नव्यवस्था उत्तम, रेडिओ स्वयंसेवकांचा समन्वय प्रशंसनीय. भजनी मंडळाचं नाव कुठे नाही. साबुदाण्याचाही उल्लेख नाही. यांचं नाव मात्र यादीत वरती आहे, आणि तो कागद चौकटीत घालून देवघराच्या भिंतीवर लावला आहे, गणपतीच्या अगदी शेजारी, जणू दोघं एकाच वर्गात होते.

तर अण्णाजी, तुम्हीच सांगा. माझं टेबल गेलं, गच्ची गेली, वायरीवर काही वाळत घालता येत नाही, देवळात मान खाली घालावी लागते, आणि माझ्या भगरीची चौकशी आर्वीपर्यंत झाली. बाजारात भाजीवाल्या मला विचारतात, ‘काऊन ताई, भगर खाल्ली का भाऊजीनं?’ तेव्हा ती ओळ लिहिते: सेट घेऊन जावा. रविवारी या, गाडी तुमची तुम्ही आणा, जेवायला इथेच. वहिनींना गुडघ्यावर निर्गुडीचा पाला बांधायला सांगा. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
कुसुम

ता. क. रविवारी येऊ नका. पत्र लिहून मी जरा पडले होते तेव्हा हे खोलीत आले. पत्र उघडंच होतं. वाचलं नाही. पत्राशेजारी पाइपचे चार नटबोल्ट कागदात बांधून ठेवून गेले, आणि कागदावर लिहिलं, ‘अण्णाजींना परत करताना लागतील.’ बोल्ट अजून पाइपातच असायला हवे होते, गच्चीवरून हे आत्ताच काढून आणलेत. वारं सुटलं आहे. आता सिमेंटातला पाइप उपटायला पुन्हा मिस्त्री बोलवायचा म्हणजे पुन्हा खर्च, आणि मला तो परवडणारा नाही, म्हणून सेट राहू द्यावा. दुसरं कारण काही नाही.

आणखी ता. क. आता खरं काम लिहिते. यादीत नाव गेल्यामुळे खरा पूर आला की हे छोटा सेट घेऊन नदीवर जाणार आणि मोठा सेट घरी माझ्यासमोर राहणार. हे तिकडून हाक मारतील. मी इकडे ऐकत बसणार, आणि ओ द्यायची तर लायसन नाही. हे म्हणतात, खऱ्या संकटात कोणी बोललं तरी चालतं. पण संकट खरं आहे की सरावाचं हे ठरवायला आपल्याकडे साहेब लागतात, आणि माझ्याच्यानं तेवढा वेळ थांबवणार नाही. तुम्ही सेटच्याही आधी यांच्यासाठी त्या परीक्षेचं पुस्तक पाठवलं होतं, ते यांनी अभ्यास करून करून फाडलं आहे, मधली पानंच नाहीत. एक नवीन पाठवा. विजेचे धडे मला जड जाणार नाहीत, मॅट्रिकला विज्ञानात मला किती मार्क होते ते तुम्हीच सगळ्या गावाला सांगत फिरला होता. पुस्तकाचे पैसे मनिऑर्डरनं पाठवते, फुकट नको. फुकटाचा अनुभव वर लिहिला आहे. यांना सांगू नका. पाकिटावर माझं नाव घाला, दुसऱ्याचं पत्र हे फोडत नाहीत, एवढा एक गुण यांच्यात पहिल्यापासून आहे. परीक्षा नागपूरला कधी असते, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला बसू देतात का, एवढं पाऊस धरायच्या आत उलट टपाली कळवा.